समुद्रावरचे वादळ आणि पैनगंगेकाठचे शेत



आपल्या आदिलाबादचा माणूस समुद्र पाहतो तो बहुधा यात्रेला गेला तरच. त्यामुळे ‘बंगालच्या उपसागरात वादळ’ असे शब्द बातम्यांत आले की आपण म्हणतो, ते कोळ्यांचे दुखणे, आपल्याला त्याचे काय? आपली चिंता म्हणजे कापसाची बोंडे, सोयाबीनची मळणी आणि बाजारात मिळणारा भाव. ही समजूत किती महागात पडते आणि आपल्या गावचा धोका आपणच कसा तोलावा, ते या अंकात पाहू.

२०२१ सालचे उदाहरण घेऊ, कारण ते सर्वांच्या स्मरणात आहे. त्या वर्षी २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ‘गुलाब’ नावाचे चक्रीवादळ आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यात कलिंगपट्टणमच्या थोडे उत्तरेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ७५ ते ८५ किलोमीटर होता. वादळांच्या मानाने हे काही फार मोठे नव्हे. दुसऱ्या दिवशी ते क्षीण झाले, वारा पडला, आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्याच्या पोटातले पाणी अजून उतरायचे होते. ते घेऊन ते तेलंगणावरून पश्चिमेकडे चालत राहिले आणि २७ व २८ तारखेला मराठवाड्यावर व विदर्भाच्या दक्षिण भागावर रिते झाले. मांजरा धरणाची दारे उघडावी लागली. कापणीला आलेले सोयाबीन शेतातच पाण्याखाली गेले. २८ च्या सकाळी पैनगंगेपलीकडे उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावरून वाहणाऱ्या पाण्यात एस.टी.ची बस वाहून गेली व माणसे दगावली. पुढे तोच अवशेष अरबी समुद्रात उतरला, तेथे त्याने पुन्हा जीव धरला, ‘शाहीन’ असे नवे नाव घेतले आणि ३ ऑक्टोबरला तो ओमानवर जाऊन आदळला. एका समुद्रात जन्मलेले वादळ आपले शिवार ओलांडून दुसऱ्या समुद्रात गेले, असा हा प्रकार. उमरखेड आपल्यापासून किती लांब आहे? सोयरिकी आहेत आपल्या तिकडे.

असे का होते ते थोडे समजून घेऊ. समुद्राचे पाणी साडेसव्वीस अंश सेल्सियसच्या वर तापले की त्याची वाफ मोठ्या प्रमाणात वर चढते. वर गेल्यावर ती थंड होऊन तिचे ढग होतात, आणि तसे होताना तिच्यातली उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते, खाली दाब कमी होतो आणि चारी बाजूंनी वारा तेथे धाव घेतो. पृथ्वी फिरते आहे म्हणून तो वारा सरळ न येता वळसे घेत येतो. आपल्या गोलार्धात हे वळसे घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने असतात. म्हणजे वादळाची चूल समुद्रात आहे आणि तिचे सरपण म्हणजे वाफ. जमिनीवर आले की सरपण तुटते, म्हणून वारा लवकर मरतो. पण वर जमा झालेली वाफ एकाएकी नाहीशी होत नाही, ती पाऊस होऊनच खाली येते. यावरून एक नियम ध्यानात ठेवावा: किनाऱ्याला वादळाचा वारा व समुद्राची लाट मारते, आपल्याला त्याचे पाणी मारते.

पावसाळ्यातल्या अशा प्रणालींची आणखी एक खोड आहे. जुलै ते सप्टेंबर या काळात उपसागराच्या वरच्या टोकाला कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ या वाटेने वायव्येकडे सरकतात. त्यांचा सर्वांत जोराचा पाऊस केंद्राखाली पडत नाही, तो केंद्राच्या नैर्ऋत्येला, म्हणजे चालत्या वाटेच्या डाव्या हाताला पडतो. नकाशा पाहा. केंद्र छत्तीसगडातून नागपूरकडे निघाले असेल तर डाव्या हाताला कोण येते? चंद्रपूर, यवतमाळ आणि आपण. तेव्हा ‘वादळ नागपूरकडे गेले, आपण सुटलो’ असे पारावर कोणी म्हणाले तर त्याला हे समजावून सांगावे.

बातम्या आपल्याकडे तेलुगूत येतात आणि आपल्या घरांतल्या वयस्क मंडळींना त्यातले शब्द नीट उमगत नाहीत. मुले तेलुगू शिकतात, त्यांच्याकडून हे चार शब्द पाठ करून घ्यावेत. ‘अल्पपीडनम्’ म्हणजे कमी दाबाचे क्षेत्र, ही पहिली पायरी. ‘वायुगुंडम्’ म्हणजे वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटरवर गेला, इंग्रजीत ज्याला डिप्रेशन म्हणतात ते. ‘तीव्र वायुगुंडम्’ म्हणजे ५० ते ६१. त्याच्यावर ‘तुफान’, म्हणजे ६२ आणि पुढे, आणि तेव्हाच त्याला नाव मिळते. आपल्या दृष्टीने मोठी चूक अशी होते की नाव मिळाले तरच लोक कान टवकारतात. २०२४ च्या ३१ ऑगस्टच्या रात्री कलिंगपट्टणमजवळ चढले ते नुसते वायुगुंडम् होते, त्याला नावही नव्हते. त्याच सुमारास विजयवाड्यात बुडमेरूचे पाणी घराघरांत शिरले आणि खम्मममध्ये मुन्नेरूने वस्त्या बुडवल्या.

आता मुख्य प्रश्न, धोका मोजायचा कसा? जाणकार त्याचे तीन भाग करतात. संकट किती मोठे, त्याच्या वाटेत काय काय आहे, आणि जे आहे ते किती कच्चे. तिन्हींचा गुणाकार म्हणजे धोका. गुणाकार म्हटले ते मुद्दाम. तिन्हींपैकी एक जरी शून्याजवळ आणता आले तरी सगळा धोका खाली येतो.

किनाऱ्याची दोन-तीन उदाहरणे पाहिली की हे पटते. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी कृष्णेच्या मुखाशी दिवी सीमेवर जे वादळ आले, त्यात समुद्र लाटेसारखा उठून कित्येक किलोमीटर आत शिरला आणि दहा हजारांवर माणसे गेली. जमीन सपाट व सखल, घरे मातीची आणि गवती छपराची, आणि वेळेवर सूचना नाही. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशावर महाचक्रीवादळ आले, तेव्हाही जवळपास दहा हजार बळी गेले. त्यानंतर ओडिशाने किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावोगाव माणसे तयार केली, सूचना खालपर्यंत जाईल अशी व्यवस्था केली. १२ ऑक्टोबर २०१३ ला गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ चढले. जोर १९९९ इतका नसला तरी वारा ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात होता. दहा लाखांहून अधिक लोक आधीच हलवले होते आणि मृत्यू पन्नासच्या आसपास राहिले. समुद्र तोच आणि किनाराही तोच होता, बदलला तो गुणाकारातला तिसरा आकडा.

आपल्याकडे हा हिशेब वेगळ्या तऱ्हेने मांडावा लागतो. वाऱ्यापासून सुरुवात करू, कारण तो लवकर आटोपतो. घरबांधणीसाठी जो भारतीय मानक संस्थेचा वाऱ्याचा नकाशा आहे, त्यात विशाखापट्टणमला सेकंदाला ५० मीटर धरले आहेत, तर हैदराबाद व नागपूरला ४४. फरक आहे, पण आपण मानतो तितका नाही. कारण आतल्या भागात छपरे उडतात ती समुद्री वादळाने नव्हे, वैशाखातल्या वळवाच्या सोसाट्याने. पत्रे खिळ्यांनी नुसते ठोकलेले असतात आणि वर दगड ठेवलेले असतात. ते दगड उडाले तर बंदुकीच्या गोळीसारखे. आकड्यांनी, म्हणजे हुकबोल्टने पत्रे वाशांना आवळावेत, इतके सांगून पुढे जाऊ.

पाण्याचा विचार मात्र सावकाश करावा लागेल. आपल्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरच्या वर गेला तर जोरदार, साधारण ११५ च्या वर अति जोरदार, आणि २०४ च्या वर गेला तर अत्यंत जोरदार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. म्हणजे शंभर मिलिमीटर पडला तर एका एकरावर चार लाख लिटर ओतले गेले. आपली काळी जमीन भिजून फुगली की ते आत घेत नाही. ते कुठे जाणार? उताराने नाल्यात, नाल्यातून सातनाल्यासारख्या ओढ्यात, तेथून पैनगंगेत.

आणि पैनगंगा काही फक्त आपल्या पावसाने भरत नाही. वर इसापूरच्या धरणातून पाणी सोडले की ते काही तासांनी आपल्या काठाला लागते, आपल्याकडे ऊन पडलेले असले तरी. खाली ती वर्धेला मिळते, आणि वर्धा तुडुंब असेल तर पैनगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. मग बेला, जैनथ भागातल्या काठच्या शेतांत पाणी चढते ते समोरून नव्हे, नाल्यांच्या तोंडातून उलटे. म्हणून काठच्या शेतकऱ्याने तीन ठिकाणची खबर ठेवावी: आपल्या डोक्यावरचा पाऊस, इसापूरचा विसर्ग आणि वर्धेची पातळी. महाराष्ट्रातल्या पाहुण्याला केलेला एक फोन येथे सरकारी पत्रकापेक्षा लवकर काम करतो.

धरणाखाली राहणाऱ्यांनी कडेम प्रकल्पाचा इतिहास माहीत करून घ्यावा. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार भाग झाले तेव्हा कडेम निर्मल जिल्ह्यात गेले, पण नदीला सरहद्द कळत नाही. ऑगस्ट १९५८ मध्ये, धरण नुकतेच उभे राहत असताना, पाणी माथ्यावरून ४६ सेंटीमीटर उंच वाहिले आणि डाव्या बाजूला सुमारे १३७ मीटरचे खिंडार पडले. आखणी करताना जेवढा पूर धरला होता त्याहून आलेला पूर मोठा होता. पुढे धरण पुन्हा बांधले गेले. मग जुलै २०२२ मध्ये सेकंदाला पाच लाख घनफुटांच्या आसपास पाणी येऊ लागले आणि दारांची क्षमता होती तीन लाखांच्या घरात. अठरांपैकी एक दार उघडेना. खालची गावे रातोरात रिकामी केली. धरण टिकले. दुसऱ्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, पुन्हा पाणी दारांवरून गेले.

येथे एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असे आपण वाचतो आणि मनाशी म्हणतो, गेल्या साली येऊन गेला, आता नातवंडांना फिकीर. तसा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी शंभरात एक इतकी त्याची शक्यता, आदल्या वर्षी आला असो वा नसो. नदी वही ठेवत नाही. हिशेब केला तर तीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता चारात एक भरते. चारात एक म्हणजे थोडी नव्हे. पोराचे लग्न ठरवताना एवढी शंका असली तर आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. शिवाय समुद्र तापत चालला आहे, आणि तापलेली हवा पाणी जास्त धरते, साधारण एका अंशाला सात टक्के. तेव्हा जुना शंभर वर्षांचा आकडा आज तसाच धरणे धोक्याचे आहे.

गावाचा धोका मोजायला यंत्रे लागत नाहीत. उभ्या बाजूंचा एक डबा घ्यावा, वर-खाली सारख्या तोंडाचा, आणि तो उघड्यावर, झाडा-छपरापासून दूर मांडावा. सकाळी साडेआठला पट्टी घालून पाणी मोजावे व लिहून ठेवावे. बोटाच्या पेरांचा अंदाज चालणार नाही, मिलिमीटरची शाळेची पट्टी असावी. दोन पावसाळ्यांत आपल्याला कळते की आपल्या नाल्यावर पाणी येते ते किती मिलिमीटरला आणि किती तासांनी. जुन्या माणसांना विचारून सर्वांत उंच पुराची खूण शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावी, वर्षासह. ज्यांची घरे त्या रेषेखाली आहेत, ज्यांच्याकडे अंथरुणाला खिळलेले माणूस, गरोदर बाई किंवा तान्हे मूल आहे, त्यांची नावे गावच्या तरुणांनी पावसाळ्याआधीच टिपून ठेवावीत. कोण कोणाला उचलणार, कोणत्या पक्क्या इमारतीत नेणार आणि तिची किल्ली कोणाकडे आहे, इतके ठरले की पुष्कळ झाले. आम्ही किल्लीचे सांगतो ते अशासाठी की रात्री दोन वाजता कुलूप हाच मोठा अडथळा ठरतो.

आता वेळेचा हिशेब. कलिंगपट्टणमपासून आदिलाबाद सरळ रेषेत सुमारे सहाशे किलोमीटर, मच्छलीपट्टणमपासून पावणेपाचशे. क्षीण झालेली प्रणाली ताशी पंधरा-वीस किलोमीटरने चालते. म्हणजे ‘तीरम् दाटिंदी’, किनारा ओलांडला, ही बातमी लागल्यापासून आपल्याला एक ते दीड दिवस मिळतो. दिवी सीमेच्या माणसाला तेवढा मिळाला नव्हता. हा दीड दिवस हीच आपली खरी मिळकत आहे, ती पारावर बसून खर्च करू नये.

या वेळात काय करावे ते पिकाच्या अवस्थेवर आहे. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात खबर आली आणि बोंडे फुटलेली असतील तर हाती येईल तेवढी वेचणी आधी उरकावी, मजुरी दोन रुपये जास्त पडली तरी. भिजलेल्या कापसाचा रंग जातो आणि सरकीला कोंब येतात. खरेदीत ओलावा आठ टक्के धरून भाव असतो, बारापर्यंत कापून घेतात, त्याच्यावर भारतीय कापूस महामंडळाचे केंद्र माल घेत नाही. मग खाजगी व्यापारी जे देईल ते. म्हणून कोरडा व ओला कापूस एका ढिगात कधी मिसळू नये. थोडा ओला सगळ्याचा भाव घालवतो. घरात ठेवलेला कापूस भिंतीपासून व जमिनीपासून वर, फळ्यांवर ठेवावा. सोयाबीन कापलेले असेल तर गंजी उंचवट्यावर, खाली पळाट्यांचा थर, वर ताडपत्री, आणि ताडपत्रीची टोके दगडांनी नव्हे, दोरीने खुंट्यांना बांधावीत. उभे असेल तर पाऊस दारात असताना कापू नये. कापून पसरलेले सोयाबीन उभ्या सोयाबीनपेक्षा लवकर नासते.

शेताच्या खालच्या अंगाचा चर मोकळा करणे हे काम बहुतेकांचे राहते. पाणी दोन-तीन दिवस साचले की कपाशीच्या मुळांना हवा मिळत नाही आणि ऊन पडताच झाडे एकाएकी माना टाकतात. याला आकस्मिक मर म्हणतात. हा रोग नव्हे, गुदमरणे होय. पाणी उतरताच वाफसा येण्याची वाट न पाहता चर काढून पाणी बाहेर घालवावे, आणि मलूल झाडांच्या बुंध्याशी दहा लिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून आळवणी करावी. सोबत खत किती द्यावे ते रयतु वेदिकेतल्या कृषी विस्तार अधिकाऱ्यास विचारून ठरवावे. दुकानदार चार बाटल्या हाती देईल, त्या घेऊ नयेत. नुकसान झालेल्या शेताचे फोटो शेत आवरण्यापूर्वी काढावेत.

जनावरांची दावी पुराच्या रात्री सोडून ठेवावीत. बांधलेली गाय बुडते, मोकळी असलेली उंचवटा शोधते. आणि वाहत्या पुलाविषयी एकदा स्पष्ट सांगतो: गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलते, दोन फूट पाणी मोटारगाडी वाहून नेते. खालचा रस्ता शाबूत आहे की खचला, ते गढूळ पाण्यातून दिसत नाही. दहागावची बस तर केवढी जड होती! लग्न असो, मर्तिक असो, पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबावे. थांबलेल्या पाहुण्यांना अलीकडच्या गावाने जेवू घालावे, एवढी माणुसकी आपल्याकडे अजून आहे.

आरोग्याचे थोडक्यात. पूर ओसरल्यावर पहिला शत्रू विहिरीचे पाणी. पिण्याचे पाणी खळखळ उकळून घ्यावे. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची तर साध्या वेळी हजार लिटरला अडीच ग्रॅम हे प्रमाण. दोन मीटर रुंद गोल विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते साडेनऊ हजार लिटरच्या आसपास भरते, म्हणजे चोवीस ग्रॅम पावडर पुरते. पूर आत शिरलेल्या विहिरीला जास्त लागते. आधी गाळ उपसून आरोग्य सेविकेच्या देखरेखीखाली टाकावी आणि अर्धा तास जाऊ द्यावा. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, घोट घोट पाजत राहावे. मुलाला पाणी बंद करू नये, ही जुनी चूक अजून घरोघर होते. चिखलात काम करून आठवडाभरात ताप आला व पोटऱ्या दुखू लागल्या तर डॉक्टरला चिखलाचे आवर्जून सांगावे.

पाण्याबरोबर साप कोरड्या जागी येतात: गंजी, सरपण, पांघरुणे. रात्री बॅटरीशिवाय हात घालू नये. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. पाय किंवा हात फळीला सैल बांधून हलू न देता आदिलाबादच्या रिम्समध्ये किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. लस तेथे असते, मांत्रिकाकडे नसते. नाल्याला पूर असताना कोणत्या वाटेने जाता येईल, ती वाट मात्र आजच, कोरड्यात, पाहून ठेवावी.